पुढची पायरी सांगणं मी सोडलं

एक मत मी बरीच वर्षं ठामपणे बाळगलं आणि तितक्याच ठामपणे लोकांना सांगितलं. डिमेन्शिया झालेल्या माणसाच्या घरच्यांना पुढं काय काय होणार ते आधीच, क्रमानं सांगून टाकावं, असं ते मत. आज नावं विसरतात, मग स्वयंपाक विसरतील, मग कपडे, मग लघवीचं भान, मग चालणं, मग बोलणं. पुढचं ठाऊक असलं की माणूस धीर धरतो, असं मला वाटायचं. आज वाटत नाही. ते का बदललं हे लिहायला हवं, कारण पवना धरणाच्या काठच्या गावांतून अजूनही कुणी ना कुणी येतं आणि विचारतं, "ताई, आता पुढं काय?" माझं जुनं उत्तर ऐकून गेलेली माणसंही याच गावांत राहतात.

मी आरोग्यसेविका होते. लसी, बाळंतपणं, थंडीतापाच्या रुग्णांचे रक्ताचे नमुने, पावसाळ्यात विहिरींत टाकायची पावडर, यांत नोकरी गेली. म्हाताऱ्या माणसाच्या विसरण्याकडं आम्ही काम म्हणून कधी पाहिलं नाही. ते माझ्या घरात आलं तेव्हा पाहिलं.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. आधी त्यांना नातवंडांची नावं आठवेनात. मग चुलीवर काय ठेवलंय ते आठवेना. भाजीत मीठ दोनदा पडू लागलं, मग पडायचंच राहू लागलं. पुण्याला एका व्याख्यानात मला एक मराठी तक्ता मिळाला. न्यूयॉर्कचे डॉ. बॅरी राइसबर्ग यांनी १९८२ मध्ये या आजाराचे सात टप्पे मांडले, त्यांच्या कामावरून तो तयार केलेला होता. प्रसंगाला साजेसे कपडे निवडता येत नाहीत, पुढं ते अंगावर चढवता येत नाहीत, मग आंघोळ जमत नाही, मग लघवी-शौचाचं भान जातं, शेवटी बोलणं मोजक्या शब्दांवर येतं आणि चालणं थांबतं. आत्याबाईंचा आजार जवळजवळ त्याच क्रमानं गेला. प्रत्येक टप्प्याला मी आधीपासून तयार असायचे. मेणकापड आधी आणलं, न्हाणीत धरायला दांडा आधी बसवला. त्या गेल्या तेव्हा दुःख झालं, पण गोंधळ झाला नाही. या अनुभवातून माझं मत पक्कं झालं.

त्या मताचं त्या काळी मोल होतं, ते मी आजही नाकारत नाही. आमच्याकडं अशा घरात पहिला संशय करणीचा असायचा आणि दुसरा सुनेचा. म्हातारी जेवून उठते आणि ओट्यावर येऊन शेजारणीला सांगते, "सकाळपासून पोटात काही नाही बाई." ऐकणाऱ्या बायका सुनेकडं बघतात. अशा घरात मी तक्ता घेऊन जायचे. हा आजार आहे, मेंदूचा आहे, सगळीकडं असाच होतो, हे छापील कागदावर दाखवलं की घरातली भांडणं थांबायची. देवऋषाकडं जाणारे पैसे वाचायचे. "सगळीकडं असाच" या शब्दांनी सुनांच्या डोक्यावरचं ओझं उतरायचं. म्हणून त्या शब्दांवर माझा जीव होता.

घरं थोडी नाहीत. देशभरातल्या ज्येष्ठांच्या अभ्यासातून २०२३ मध्ये जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार साठीपुढच्या शंभरांतल्या सात-आठ जणांना डिमेन्शिया आहे. नेमका आकडा ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरापेक्षा खेड्यात हे प्रमाण जास्त दिसलं. आपल्या वाडीत असं कुणी नाही असं वाटत असेल, तर बहुधा कुणी नीट पाहिलेलं नसतं.

माझ्या मताला पहिला धक्का घरातूनच बसला. थोरले दीर, म्हणजे भाऊजी, आत्याबाईंचेच चिरंजीव. तेच रक्त, तीच चूल, तेच शेत. त्यांचं काहीतरी बिघडतंय हे अक्कांनी, माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, सांगितलं तेव्हा मी तक्ता काढला आणि सुरुवातीच्या ओळी वाचू लागले. एकही जुळेना. भाऊजींची आठवण शाबूत होती. कोणत्या बांधावरून कोणाशी कधी वाद झाला, आपल्या गटाला लागून कोणाचा गट, सगळं तोंडपाठ. पण त्यांना माळ्यावर पोरं बसलेली दिसायची. कोणत्या रंगाचे सदरे घातलेत तेही सांगायचे. भीती वाटायची नाही, फक्त म्हणायचे, "त्यांना खाली उतरायला सांगा, पडतील." चालणं जडावलं होतं, पाऊल घासत पडायचं. आणि अक्कांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्यांना कुणी विचारलीच नव्हती. कित्येक वर्षांपासून भाऊजी झोपेत हातपाय झाडायचे, गुद्दे मारायचे. त्यामुळं त्या वेगळ्या अंथरुणावर झोपायच्या.

सगळ्यात अवघड होते ते चढउतार. एखाद्या सकाळी सदऱ्याची बाही कोणती आणि गळा कुठला हे त्यांना कळायचं नाही. त्याच संध्याकाळी डेअरीच्या दुधाचा हिशेब ते पैशापैशाने बरोबर सांगायचे. माझ्या तक्त्यात सगळ्या पायऱ्या खाली जाणाऱ्या होत्या, वर येण्याची सोयच नव्हती. मग जो माणूस संध्याकाळी वर येतो, तो सकाळी मुद्दाम करत असणार, असं घरातल्यांना वाटू लागलं. पुतण्या एकदा त्यांना तोंडावर म्हणाला, "आबा, सोंग करू नका." सुनांना संशयातून सोडवणारा तोच कागद आता एका आजारी माणसाला सोंगाड्या ठरवत होता. माझं मत हललं ते त्या दिवशी.

कामशेतहून लोकल पकडून आम्ही त्यांना पुण्याला मेंदूविकारतज्ज्ञांकडं नेलं. त्यांनी आठवणीबद्दल थोडं विचारलं आणि झोपेबद्दल, माळ्यावरच्या पोरांबद्दल, चालण्याबद्दल पुष्कळ विचारलं. निदान झालं लेवी बॉडी डिमेन्शियाचं. फ्रेडरिक लेवी या जर्मन डॉक्टरांनी १९१२ मध्ये मेंदूच्या पेशींत साचणाऱ्या ज्या गोळ्यांचं वर्णन केलं, त्यांच्यावरून हे नाव पडलं. सतत होणारे चढउतार, नसलेली माणसं किंवा जनावरं स्पष्ट दिसणं, शरीर ताठरणं आणि झोपेत हातपाय झाडणं ही या प्रकाराची ओळख. सोंग नव्हतं, आजाराचं लक्षणच ते होतं.

डॉक्टरांनी फाइलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं की हॅलोपेरिडॉलसारखी औषधं देऊ नयेत. भास होतात, रात्री ओरडतात म्हणून अशा माणसाला शांत करायला कुठंही हे औषध सहज दिलं जाऊ शकतं, आणि या प्रकारात त्यानं माणूस एकदम ताठरून पडतो, जिवावरही बेतू शकतं. आत्याबाईंच्या अनुभवावर आम्ही भाऊजींना सांभाळत राहिलो असतो तर काय झालं असतं, हा विचार त्या रात्री परत येताना लोकलमध्ये माझ्या मनातून जात नव्हता. डिमेन्शिया माणसागणिक वेगळा असतो हे केवळ आपुलकीनं बोलायचं वाक्य नाही. कोणतं औषध चालेल आणि कोणतं घात करेल, ते त्यावर ठरतं.

मग मी नीट वाचायला लागले, विचारायला लागले. तक्त्यातला क्रम मुख्यतः अल्झायमर या प्रकाराचा होता. त्यात बहुधा नवी आठवण साठवणारा मेंदूचा भाग आधी बाधतो, म्हणून सकाळचं जेवण विसरतं आणि लहानपणीचं लग्न आठवतं. पण अल्झायमरही प्रत्येकात तिथूनच सुरू होतो असं नाही. काहींत तो मेंदूच्या मागच्या भागातून येतो. डोळे चांगले असतात, पण समोरचा पेला हाताला सापडत नाही, पायरी किती खोल ते कळत नाही. काहींत आधी शब्द हरवतात. ज्या बाईंवरून हा आजार जगाला कळला, त्या ऑगस्टे डेटर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाल्या तेव्हा ५१ वर्षांच्या होत्या. त्यांच्यात सगळ्यात आधी घरच्यांच्या लक्षात आला तो नवऱ्याविषयीचा मत्सर, विसरणं नंतर. १९०६ मध्ये त्या वारल्या आणि डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी त्यांच्या मेंदूचं वर्णन मांडलं. म्हणजे पहिली रुग्णसुद्धा माझ्या तक्त्याच्या पहिल्या ओळीत बसत नव्हती.

रक्तवाहिन्यांमुळं होणारा डिमेन्शिया आणखी वेगळा चालतो. मेंदूत एखादी छोटी गुठळी अडकली की माणूस एकदम खाली येतो, मग महिनोन्‌महिने तिथंच थांबतो. त्यात रक्तदाब आणि साखर आवरली तर पुढची घसरण लांबवता येते. मेंदूच्या पुढच्या भागातून सुरू होणाऱ्या प्रकारात आठवण बराच काळ टिकते आणि स्वभाव जातो. शांत माणूस शिव्या देतो, काटकसरी बाई पैसे उधळते. तो पुष्कळदा पन्नाशीच्या आसपासच येतो. गावात त्याला कुणी आजार म्हणत नाही, दारू म्हणतात किंवा माज म्हणतात. आणि ऐंशीच्या पुढच्या बहुतेक रुग्णांच्या मेंदूत यांतलं एकच नसतं, दोन-तीन प्रकार मिसळलेले असतात. मग पुढची पायरी सांगणार तरी कशी?

दुसरा धक्का शेजारच्या वस्तीतल्या एका आजींचा. त्यांच्या मुलाला मी पूर्वी तक्त्याची प्रत दिली होती. आजी चालत्याफिरत्या होत्या, हळद निवडायच्या, गोधडी शिवायच्या. एका आठवड्यात त्या अंथरुणाला खिळल्या, कुणाला ओळखेनात, लघवी जागेवरच. घरच्यांनी कागद पाहिला, दोन पायऱ्या उतरल्या असं ठरवलं आणि पाहुण्यांना फोन केले. भाची पुण्याला नर्स आहे. ती आली, अंगाला हात लावून पाहिला आणि लघवी तपासायला सांगितली. मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. औषध झालं, पाणी पोटात गेलं, आणि थोड्या आठवड्यांत आजी पुन्हा ओट्यावर येऊन गोधडीचे टाके घालू लागल्या.

अल्झायमरसारखा आजार तासांत किंवा दिवसांत कोसळत नाही. एकदम कोसळला तर कारण बहुधा दुसरं असतं. संसर्ग, बद्धकोष्ठ, अंगातलं पाणी कमी होणं, नवं औषध, डोक्याला लागलेला मार, दुखणं जे सांगता येत नाही. नंतर वाचताना कळलं की खुद्द राइसबर्ग यांची मोजपट्टीही हेच सुचवते. क्रम मोडून एखादी पायरी आधी आली, तर दुसरा, कदाचित बरा होणारा आजार शोधावा. तक्ता जुळत नाही तेव्हाच तो सगळ्यात उपयोगी असतो. आमच्याकडं मात्र तो जुळवून घेण्यासाठी वापरला जात होता.

काही गोष्टी तर मुळात डिमेन्शिया नसूनही तसं रूप घेतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, खोल नैराश्य, डोक्याला मार लागल्यावर आत हळूहळू साचलेलं रक्त. ऐकू येत नाही म्हणून उत्तर चुकतं आणि मोतीबिंदूमुळं माणूस ओळखत नाही. असं घर मी पाहिलं आहे, जिथं आजोबांचं 'डोकं गेलं' असं सगळ्यांनी धरलं होतं आणि मोतीबिंदू काढल्यावर त्यातलं निम्मं परत आलं.

वेग का वेगळा, यावर जगात पुष्कळ काम झालं आहे. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी ६७८ जोगिणींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांतल्या सिस्टर मेरी १०१ वर्षं जगल्या, शेवटपर्यंत स्मरणाच्या चाचण्यांत चांगले गुण मिळवत राहिल्या, आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर सापडल्या. आपल्याकडं हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत डिमेन्शिया सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला, आणि कधी शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता. शिक्षण, काम, भाषा, माणसांतला वावर यांनी मेंदू काहीसा साठा करून ठेवतो, असं या शास्त्रज्ञांचं म्हणणं. साठा असेतो आतली झीज बाहेर कळत नाही. पण त्याची दुसरी बाजूही आहे. अशा माणसाचा आजार उशिरा दिसतो, तेव्हा आत बरंच झिजलेलं असतं, म्हणून पुढची उतरण पुष्कळदा वेगानं होते. "एवढे शिकलेले गुरुजी, वर्षात पार गेले, घरच्यांनी काही केलंच नाही" असं जेव्हा गावात बोललं जातं, तेव्हा मला हे सांगावंसं वाटतं.

आणि एक गोष्ट पुस्तकात कमी आणि आमच्या भागात जास्त आहे. पवना धरणात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडलं आणि गावं उठली. तेव्हा पंचविशी-तिशीत असलेली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. यांच्यापैकी ज्यांना डिमेन्शिया होतो, त्यांच्या नव्या आठवणी पुसल्या जातात आणि उरतं ते बुडालेलं गाव. संध्याकाळ झाली की त्यांना घरी जायचं असतं, आणि ते घर पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ उघडं पडतं. एका आजोबांना मुलानं तिथं नेलं, तर ते बराच वेळ निवांत बसले, शेजाऱ्यांच्या घरांच्या जागा बोटानं दाखवत राहिले, आणि पुढचे कित्येक दिवस त्यांनी घरी जायचा हट्ट केला नाही. हे ऐकून दुसऱ्या घरानं आपल्या आजीला नेलं, तर ती पाणी पाहून छाती पिटून रडली. तोच आजार, तीच जागा. एकाला जे औषध झालं ते दुसरीला विष झालं. त्या घरांना एकच सल्ला देणं मला शक्य नव्हतं, आणि ते मला पटलं.

परिसरही प्रत्येकाला वेगळा लागतो. मावळातल्या पावसात ढग उतरून आले की दुपारीच अंधारतं, आणि संध्याकाळी बेचैन होणारी माणसं त्या दिवसांत लवकर बेचैन होतात. तिथं दुपारीच दिवे लावले तर फरक पडतो. भाऊजींना धरणाकाठच्या तंबूंतून शनिवारी रात्री येणारं गाणं आणि फिरणारे उजेड सहन व्हायचे नाहीत, त्यांना माणसं चालून येताना दिसायची. आत्याबाईंना त्याच आवाजात गाढ झोप लागली असती. आत्याबाई बोलायच्या थांबल्या होत्या तरी आवणीच्या दिवसांत रोपांची मूठ हातात दिली की बोटं बरोबर रोप सोडवायची. भाऊजींची बोटं आधी गेली आणि बोलणं शेवटपर्यंत राहिलं. एकाला काम द्यायचं, एकाशी बोलायचं. एका घरातलं दुसऱ्या घरात जसंच्या तसं नेलं असतं तर दोघांचंही राहिलेलं हिरावून घेतलं असतं.

पुढची पायरी आधी सांगण्यातला सगळ्यात मोठा तोटा मला इथं दिसतो. उद्या कपडे घालता येणार नाहीत असं ठरलं की सून आजच घालू लागते. उद्या वाट चुकणार म्हणून आजच दाराला कडी लागते. जे अजून जमतं ते करू दिलं नाही की ते खरंच लवकर जातं. त्याचा दोष नंतर आजाराला दिला जातो.

जमिनीचा विषय तर आमच्याकडं टाळताच येत नाही. धरण दिसतं अशा गुंठ्याला आज काय भाव आहे ते मावळात सगळ्यांना माहीत आहे. डिमेन्शियाचं नाव लागलं की घरात दोन टोकं होतात. कुणी म्हणतं, यांना आता काही कळत नाही, यांना विचारायचं कशाला. कुणी म्हणतं, अंगठा अजून उमटतो, तेवढ्यात कागद करून घ्या. दोन्ही अन्यायच आहेत. आपला करार कायदा १८७२ चा. त्यात आधीच म्हटलं आहे की एरवी ज्याचं भान ठिकाणावर नसतं, पण मधूनमधून असतं, तो भान असताना करार करू शकतो, आणि भान नसताना केलेला करार त्याचा नव्हे. भाऊजींसारख्या माणसाला हे तंतोतंत लागू पडतं. एखाद्याला शंभर रुपयांचा हिशेब जमत नाही, पण आपलं घर कोणाला द्यायचं ते नक्की सांगता येतं. म्हणून निदान लवकर व्हावं, चांगल्या दिवशी, डॉक्टरांसमोर, त्या माणसाचं म्हणणं त्याच्याच तोंडून नोंदवून ठेवावं. भाऊजींचं आम्ही तसंच केलं.

मला विचारतात, मग पुढचं काहीच सांगायचं नाही का? सांगायचं. यांतले बहुतेक प्रकार आज बरे होत नाहीत, हे लपवू नये. पैशाची, माणसांची, रजेची तयारी लागणार, हे सांगावं. गिळताना ठसका लागू लागला, पडणं वाढलं, तर काय करायचं ते आधी शिकवावं. पण "अमुक महिन्यांनी अमुक" हे मी आता सांगत नाही. निदानानंतर कुणी तीन-चार वर्षांत जातं, कुणी पंधरा-वीस वर्षं जगतं. एवढ्या मोठ्या फरकातून एका माणसाची तारीख काढणं कुणाच्याच हातात नाही.

माझ्या मनात हे जुळलं ते गोव्यातल्या एका कामाबद्दल वाचून. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि 'संगथ' संस्थेच्या लोकांनी तिथं डिमेन्शिया असलेल्या ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. गावातल्याच साध्या माणसांना थोडं प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवलं. त्यांच्यामागं डॉक्टर होते. प्रत्येक घराला एकच पाठ दिला नाही, त्या घराची गरज पाहून मदत कमी-जास्त केली. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झालेला दिसला. मोठं यंत्र नव्हतं, नवं औषध नव्हतं. कुणीतरी पुन्हा पुन्हा घरी येत होतं.

'अस्तु' सिनेमात मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृतचे पंडित हत्तीच्या मागे चालत जातात आणि एका माहुताच्या कुटुंबात पोचतात. अमृता सुभाष यांनी साकारलेली त्या माहुताची बायको त्यांची भाषा नीट जाणत नाही, ते कोण हे तिला माहीत नाही, आजाराचं नावही नाही. ती फक्त त्या घडीला या माणसाला काय हवं ते बघते. पूर्वी तो भाग मला भाबडा वाटला असता. आता वाटतं, आजाराचं ज्ञान आणि तिची ती नजर, दोन्ही एकाच घरात एकत्र यायला हवीत.

आता कुणी आलं की मी आधी विचारते: पहिल्यांदा काय खटकलं? झोप कशी आहे? दिवसाच्या कोणत्या वेळी बरं असतं? बदल हळूहळू झाला की एकदम? ऐकू येतं का, दिसतं का, कोणत्या गोळ्या चालू आहेत? एक साधी वही करायला सांगते. तिच्यात काय गेलं याच्याइतकंच काय राहिलं तेही लिहायचं, आणि डॉक्टरांकडं जाताना ती बरोबर न्यायची. एकदम बिघडलं तर त्याच दिवशी दवाखाना, हे पहिल्याच पानावर.

आणि एक मागणी मी आता उघडपणे करते. सगळ्यांचा आजार एकाच वाटेनं गेला असता, तर एक छापील कागद पुरला असता. तो तसा जात नाही, म्हणून माणूस लागतो. आमच्या आशाताईंकडं कोणती बाई कितव्या महिन्यात आहे याची यादी असते, आणि ती बाई तपासणीला आली नाही तर आशाताई तिच्या दारात जातात. ही पद्धत आम्हीच उभी केली, ती चालते हे मी नोकरीत पाहिलं आहे. तशीच यादी भान हरवत चाललेल्या म्हाताऱ्यांची हवी. त्यांचे कान, डोळे, रक्तदाब, साखर, ब-१२ आणि थायरॉइड ठरावीक काळानं तपासले जावेत, चालू औषधं कुणीतरी पाहावीत, आणि सांभाळणाऱ्या सुनेला किंवा लेकीला "तुला झोप मिळते का?" एवढं तरी विचारावं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवाक्याबाहेरचं यात काही नाही. पुढच्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे. ज्या ज्या घरी माझा जुना तक्ता गेला आहे, त्या घरच्यांनी सभेला यावं आणि आपल्या माणसाचं खरोखर काय झालं ते सगळ्यांसमोर सांगावं, अशी माझी त्यांना विनंती आहे.